हवामानाची धास्ती आणि दहा दिवसांचं मौन : विपश्यना शिबिराचं परीक्षण

विपश्यना म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे पाहण्याची बौद्ध ध्यानपद्धती. ‘एकदा विपश्यना करून ये’ हा सल्ला आपल्याकडे मोडलेल्या लग्नापासून हुकलेल्या परीक्षेपर्यंत सगळ्यावर दिला जातो. आता त्यात हवामानाची भर पडली आहे. उष्णतेच्या लाटा, ढगफुटी, दरडी यांच्या बातम्या वाचून ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांना, आणि त्याहून जास्त, या विषयात दिवसरात्र काम करून थकलेल्या कार्यकर्त्यांना हा सल्ला मिळतो. म्हणून हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे : हवामान संकटाला सामोरं जाताना स्वतःत काही बदल घडवायचा असेल, तर ब्रह्मदेशातले सयाजी ऊ बा खिन आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर कितपत उपयोगी पडतं? डोकेदुखी जाते का, धर्म कोणता, हे मुद्दे इथे नाहीत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. एका नेमक्या कामासाठी हे शिबिर फार चांगलं आहे, दुसऱ्या एका कामासाठी ते मुळात बनलेलंच नाही, आणि गोंधळ होतो तो ही दोन कामं एकच समजल्यामुळे.

ही धास्ती म्हणजे रिकामटेकड्यांचा आजार नव्हे. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या दहांत भारतही होता. ५९ टक्के तरुण हवामान बदलाबद्दल खूप किंवा अतिशय काळजीत होते आणि ४५ टक्क्यांहून अधिकांनी सांगितलं की या भावनांचा त्यांच्या रोजच्या खाण्यापिण्यावर, झोपेवर, अभ्यासावर वाईट परिणाम होतो. त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा ठिकाणी मदतीला धावलेल्या माणसांच्या मनात जे साचून राहतं, त्यासाठी आपल्याकडे सहसा कुठलीच व्यवस्था नसते.

आता शिबिराकडे वळू. इगतपुरीचं धम्मगिरी हे या परंपरेचं मुख्य केंद्र. जागा १९७४ साली घेतली आणि १९७६ पासून तिथे नियमित शिबिरं सुरू झाली. पुण्याजवळ मरकळ, नाशिक, नागपूर, टिटवाळा, बेलापूर, गोराई इथेही केंद्रं आहेत आणि शिकवण्याची पद्धत सगळीकडे तीच, ध्वनिमुद्रित सूचनांवर चालणारी. शुल्क नाही. राहण्या-जेवणाचाही पैसा घेत नाहीत. एक शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच दान स्वीकारलं जातं. पहिल्या दिवशी देऊ केलं तरी घेत नाहीत. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून हजारो रुपये मोजून विकल्या जाणाऱ्या निवासी कार्यशाळांच्या बाजारात ही गोष्ट फार मोलाची आहे. माणसाला ग्राहक न करता शिकवायचं, हे इथे व्यवहारातच दिसतं.

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक साधना, पुढे अकरापर्यंत पुन्हा साधना. अकराला जेवण, एकपर्यंत विश्रांती. एक ते पाच साधना, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा, फळं, चुरमुरे असं काहीतरी. जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. सहा ते सात पुन्हा सामूहिक, मग प्रवचन, नऊनंतर हवे असतील तर प्रश्न, आणि साडेनऊला दिवे बंद. बसून राहण्याचे तास मोजले तर दहाच्या वर जातात. मौन पहिल्या संध्याकाळी सुरू होतं आणि दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या साधनेनंतर, सुटतं. फोन जमा, पुस्तक नाही, वही-पेनही नाही. शिबिर दहा दिवसांचं असलं तरी आदल्या दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे रजा बारा दिवसांची टाका.

या सगळ्यात हवामानाचं नावसुद्धा निघत नाही. आमच्या मते ते बरंच आहे.

पहिले साडेतीन दिवस आनापान : नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी छोटीशी जागा आहे, तिथे येणारा-जाणारा श्वास जाणायचा. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, सोबत मंत्र म्हणायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेका भागावर मन फिरवायचं, जी संवेदना मिळेल ती पाहायची, आणि तिला प्रतिक्रिया द्यायची नाही. तेव्हापासून दिवसातून तीनदा तासभराचं ‘अधिष्ठान’ असतं. त्या तासात हात, पाय आणि डोळे उघडायचे-हलवायचे नाहीत.

आता या तासातली खाज बघा, कारण सगळं शिबिर त्या खाजेत आहे. बसून वीसेक मिनिटं झालेली असतात आणि नाकाच्या डाव्या बाजूला मुंगी चालल्यासारखं होतं. हात उचलला जाण्याआधी खांद्यात बारीकशी ओढ जाणवते, हात अजून मांडीवरच असतो. खाज वाढते, तिला टोक येतं, डोळ्यांत पाणी येतं. मन म्हणतं, एकदाच. हात उचलला नाही तर ती तिथेच थोडी पसरते, टोचायची ती गरम वाटू लागते, मग तिचे कण कण होतात, आणि कधीतरी लक्षात येतं की ती गेलेली आहे. दीड-दोन मिनिटांचा खेळ. पण खाज आणि खाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये जागा आहे, हे इथे शरीराला कळतं. पाली परंपरेत याला शब्द आहेत : वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, म्हणजे चिकटून राहणं. वेदना म्हणजे इथे दुखणं नव्हे, कुठलीही बरी-वाईट संवेदना. साखळी तोडायची ती वेदना आणि तृष्णा यांच्यामध्येच.

हवामानाशी याचा संबंध इथे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२२ च्या अहवालात मागणीच्या बाजूने करता येण्याजोग्या बदलांचा हिशेब मांडलेला आहे : आपण काय खातो, कसे फिरतो, घर कसं गार ठेवतो, वस्तू किती आणि किती काळ वापरतो. अशा उपायांनी त्या त्या क्षेत्रांतलं उत्सर्जन २०५० पर्यंत, काहीच न केल्याच्या तुलनेत, ४० ते ७० टक्के कमी होऊ शकतं. त्यातला मोठा भाग सार्वजनिक वाहतूक, घरबांधणी, यंत्रांची कार्यक्षमता अशा व्यवस्थेच्या बदलातून येतो, आणि तो कुणाच्या डोळे मिटून बसण्याने होणार नाही. पण उरलेला भाग सवयीचा आहे आणि सवय चालते ती बोटाच्या टोकावर. ‘आत्ता मागवा’ या बटणावर अंगठा जातो तेव्हा त्याआधी छातीत किंवा घशाशी एक छोटी ओढ असते. ज्याने शंभर तास खाज पाहिली आहे त्याला ती ओढ दिसते. ज्याने पाहिली नाही त्याला फक्त पार्सल दिसतं.

एसीचं घ्या. तापमान २४ वरून २६ वर नेऊन पंखा लावला की जवळपास तेवढंच गार वाटतं. दर अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. माहिती सगळ्यांना असते. तरी उन्हातून घरात शिरल्या शिरल्या रिमोटवर १८ दाबला जातो, कारण त्या क्षणी हात माहितीचं ऐकत नाही, मानेवरच्या घामाचं ऐकतो. तिथे पाच मिनिटं थांबता येणं हे कौशल्य आहे, आणि शिबिर नेमकं ते शिकवतं. शिकवण्याची पद्धत कडक आहे, पण प्रामाणिक आहे.

मात्र इथे एक धोक्याची सूचना ठळकपणे द्यायला हवी. संवेदनेला प्रतिक्रिया न देता ती पाहत राहणं याला शिबिरात ‘समता’ म्हणतात. उष्णतेच्या लाटेत ही ‘समता’ वापरायची नाही. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, घाम अचानक बंद होणं ही पाहत बसण्याची संवेदना नव्हे. लगेच सावलीत जा, अंगावर पाणी घ्या, शुद्धीवर असाल तर ओआरएस प्या आणि दवाखाना गाठा. शेतात, बांधकामावर, डांबराच्या रस्त्यावर राबणाऱ्या माणसाला तर तृष्णा कमी करण्याचा उपदेश करूच नये. जगातल्या सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के घरांचा वाटा घरगुती उपभोगाच्या उत्सर्जनात ३४ ते ४५ टक्के आहे, असं तोच आयपीसीसी अहवाल म्हणतो. खाजवण्याची सवय कुणी सोडायची आहे ते या आकड्यावरून ठरवावं.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आणि जास्त घातक आहे. शिबिरात ‘अनिच्च’ हा शब्द शेकडो वेळा कानावर पडतो : सगळं बदलतं, काही टिकत नाही. परतलेला साधक मग हिमनद्यांबद्दल, प्रवाळांबद्दल, आपल्या गावच्या आटलेल्या ओढ्याबद्दल तेच म्हणू लागतो. सगळं अनित्यच आहे, मग कशाला जीव जाळायचा? हा शिकवणुकीचा सरळ विपर्यास आहे. अनित्यता पाहायची ती स्वतःच्या शरीरातल्या संवेदनेची, म्हणजे राग आणि भीती आपल्यावर स्वार होऊ नयेत म्हणून. ओढ्यात सांडपाणी सोडणारा नळ अनित्य आहे म्हणून तो वाहू द्यायचा असं त्यातून निघत नाही. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं आहे, ते शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी घ्यावं लागतं, आणि दहाव्या दिवसाची मैत्री सगळ्या प्राणिमात्रांसाठी आहे. समता आणि उदासीनता बाहेरून सारख्या दिसतात. ओळखायची खूण एकच : समता आल्यावर माणूस ग्रामसभेला किंवा जनसुनावणीला जातो आणि तिथे न ओरडता मुद्दा मांडतो. उदासीन माणूस घरीच बसतो.

आता ज्या कामासाठी हे शिबिर बनलेलं नाही ते काम. दुःख बोलून दाखवायला इथे जागा नाही. सहायक आचार्यांना दुपारी भेटता येतं, पण पाच मिनिटं आणि फक्त साधनेतल्या अडचणीपुरतं. गाव वाहून गेलेलं पाहिलेला माणूस सहाव्या दिवशी ढसाढसा रडला तरी त्याला सांगितलं जाईल, संवेदना पाहा. काहींना ते पुरतं. पुष्कळांना पुरत नाही, आणि तो त्यांचा कमकुवतपणा नव्हे. हवामानाचं दुःख एकट्याचं नसतं, ते सामूहिक असतं, आणि सामूहिक दुःख एकेकट्या आसनावर पूर्ण विरत नाही.

त्यासाठी वेगळी पद्धत आहे. अमेरिकन बौद्ध अभ्यासक जोआना मेसी (१९२९–२०२५) यांनी अणुयुद्धाच्या भीतीच्या काळात गटाने करायचं काम सुरू केलं, पुढे ते पर्यावरणाकडे वळलं. त्याच्या चार पायऱ्या : कृतज्ञता, जगाबद्दलच्या वेदनेला मान देणं, नव्या डोळ्यांनी पाहणं, आणि मग कामाला लागणं. त्यातलं ‘सत्याचं मंडल’ दहा-पंधरा जणांत, कुठल्याही शाळेच्या वर्गात करता येतं. जमिनीवर गोल बसायचं, मधल्या जागेचे चार भाग करायचे. एका भागात दगड, एकात वाळलेली पानं, एकात जाड काठी, एकात रिकामं भांडं. दगड भीतीचा, पानं शोकाची, काठी रागाची, भांडं उणिवेचं, ‘मला काय करावं तेच कळत नाही’ याचं. एकेकाने आत यायचं, वस्तू हातात घ्यायची, बोलायचं, बाहेर जायचं. बाकीच्यांनी फक्त म्हणायचं, ‘आम्ही ऐकतोय.’ सल्ला नाही, सांत्वन नाही, चर्चा नाही. शेवटी चालवणाऱ्याने प्रत्येक वस्तूची दुसरी बाजू सांगायची : पानांच्या शोकाखाली प्रेम आहे, दगडाची भीती बोलून दाखवायला धैर्य लागलं, काठीच्या रागात न्यायाची चाड आहे, आणि भांडं रिकामं आहे म्हणून त्यात नवं मावेल.

हे बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. वेळ कमी ठेवला जातो. दीड तासाच्या आत हे करू नये, कारण पहिली पंधरा-वीस मिनिटं तर कुणी खरं बोलतच नाही. आणि शेवटची दुसरी बाजू घाईत गाळली जाते, मग माणसं उघडी पडलेली तशीच घरी जातात. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. गटातला ज्येष्ठ माणूस हटकून बोधपर दोन शब्द बोलू लागतो. त्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवावं की काका, आज फक्त ऐकायचं आहे.

ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात करू नका. शिबिरात दुसरी कुठलीही साधना मिसळू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. आधी मंडल, मग निदान महिनाभराने शिबिर, हा क्रम आम्हाला बरा वाटतो. बोलून हलकं झालेलं मन मौनात कमी तडफडतं.

फ्रान्समधल्या प्लम व्हिलेजचंही नाव या संदर्भात निघतं. व्हिएतनामी बौद्ध भिक्खू तिक न्यात हान (१९२६–२०२२) यांनी १९८२ साली स्थापन केलेला हा मठ पृथ्वीविषयी थेट बोलतो, आणि पॅरिस कराराच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाच्या प्रमुख असलेल्या क्रिस्तियाना फिगेरेस यांनी त्या शिकवणीने आपल्याला सावरल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. शिकवण सौम्य आहे, चालण्या-जेवण्यातली आहे, नवख्याला सोपी आहे. पण मुंबईहून पॅरिसला जाऊन-येऊन विमानाचं उत्सर्जन माणशी एक टनाच्या आसपास जातं आणि सरासरी भारतीयाचं वर्षभराचं कार्बन डायऑक्साइड सुमारे दोन टन आहे. हवामानासाठी अंतर्मुख व्हायला तिकडे उडत जाणं आम्हाला पटत नाही. इगतपुरीला कसाऱ्याचा घाट चढून रेल्वेने जाता येतं.

आणि जाताना तालुका डोळे उघडे ठेवून पाहा. भावली, मुकणे, दारणा, वैतरणा अशा धरणांचा हा तालुका. इथलं पाणी मुंबईला जातं, गोदावरीच्या कालव्यांना जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच वाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे असतात. आंघोळीची बादली भरताना हे आठवलं तर पुढचे दहा दिवस रोज एकाच बादलीत भागतं.

शरीराच्या अडचणी आधीच माहीत असाव्यात. गुडघे दुखतात ते बहुधा आसन बुटकं असल्यामुळे. नितंब गुडघ्यांपेक्षा चार-सहा बोटं वर यायला हवेत, म्हणून आणखी एक उशी मागून घ्या. पाठीचा किंवा गुडघ्याचा खरा आजार असेल तर खुर्ची मिळते, त्यात कमीपणा नाही. दुपारी एकच्या साधनेत झोप येते कारण अकराला पोटभर जेवण झालेलं असतं. पाऊण पोटावर थांबा. पळून जावंसं वाटतं ते दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी, हे खुद्द प्रवचनातच सांगितलेलं आहे, तेव्हा त्या दोन दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. कार्यकर्त्यांची खास अडचण वेगळीच : मौनात मोहिमेच्या योजना सुचू लागतात, आणि लिहायला कागद नसल्यामुळे त्या पाठ केल्या जातात. पाठ करू नका. ज्या खरंच चांगल्या आहेत त्या अकराव्या दिवशीही आठवतात.

कुणी जाऊ नये? तीव्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचे विचार असतील, किंवा डॉक्टरांनी नुकतीच औषधं सुरू केली वा बदलली असतील, तर आत्ता नको. अर्जात मानसिक आजारांबद्दल विचारतात. तिथे काहीही लपवू नका आणि औषधं स्वतःच्या मनाने बंद तर अजिबात करू नका. आपत्ती नुकतीच सोसलेल्या माणसालाही आम्ही थांबायला सांगू. आधी माणसांत राहणं, झोप, समुपदेशन, मग बसणं.

परतल्यावरचा भाग सगळ्यात कच्चा आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगितलं जातं, आणि नोकरी-संसारात पुष्कळांचा तो नेम लवकरच सुटतो. आमचा सल्ला असा : सकाळचा तास सोडू नका, संध्याकाळी जमेल तेवढं बसा, आणि सहा आठवडे एक साधी वही ठेवा. काही विकत घ्यायची, मागवायची, गार करायची ओढ आली की शरीरात ती कुठे आली एवढं एका ओळीत लिहा आणि २४ तास थांबा. दुसऱ्या दिवशीही गरज असेल तर खुशाल घ्या. यात बचतीपेक्षा ओढ ओळखणं महत्त्वाचं आहे. वाचलेल्या पैशाचं किंवा वेळाचं काय करायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर एसीची वाचलेली वीज सुट्टीच्या विमान-तिकिटात सहज जाते. तो वेळ सोसायटीच्या सौरपॅनलच्या ठरावाला, वॉर्डातल्या झाडांच्या हरकतींना, बसमार्ग वाढवून मागणाऱ्या अर्जांना द्या. शिबिराने दिलेली समता अशाच कामांत कसाला लागते, कारण ती कामं कंटाळवाणी असतात आणि वर्षानुवर्षं चालतात.

दुसऱ्यांदा जाणार असाल तर साधक म्हणून न जाता धम्मसेवक म्हणून जा. एक शिबिर पूर्ण केलेल्याला हे करता येतं. दिवसातून तीन वेळा सामूहिक साधनेला बसायचं आणि बाकी वेळ इतरांसाठी राबायचं : भाजी चिरणं, वाढणं, ताटं मोजणं, भात किती उरला ते पाहून उद्याचा कमी लावणं. कढई करपते, दुसरा सेवक चिडतो, पाण्याची टाकी अवेळी संपते. आसनावर मिळालेली समता तिथे दुपारी बारापर्यंतच टिकते की संध्याकाळपर्यंत, ते पहिल्याच दिवशी कळतं. सेवेचा अर्ज वेगळा असतो, साधकांच्या अर्जाइतकी गर्दी त्याला सहसा नसते.